फोनवाल्याचा जबडा

त्याला सगळे कवळीवालाच म्हणायचे. दंतवैद्य डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली होती. तिथे दिव्याखाली वाकून बसत त्याने अर्धं आयुष्य लोकांचे दात घडवण्यात घालवलं होतं. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे आणि त्यांच्यात तो रमायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. हेवा म्हणजे काय हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळलं आणि कळलं ते चांगलंच कळलं.

त्याची बायको एका संस्थेत संशोधक होती. कामाच्या जागी माणसं आतून का करपतात आणि ते कसं टाळता येईल, हा तिचा विषय. तिच्या संस्थेतली मंडळी त्याला ‘बर्नआउट’ म्हणत. त्या वर्षी तिने रुग्णवाहिकेसाठी आलेले फोन जिथे घेतात, तो कक्ष निवडला होता. तिथली माणसं दिवसभर परक्यांचा आकांत ऐकायची आणि एकेक करून नोकरी सोडून जायची. ती त्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करायची आणि घरी हेडफोन लावून लिहून काढायची.

सुरुवात त्या हेडफोननेच झाली. एका संध्याकाळी कवळीवाला घरी आला तर बायको टेबलाशी बसलेली, मान कलती, ओठांवर हसू. तो समोर येऊन उभा राहिला तरी तिला पत्ता नाही.

“कोण एवढं हसवतंय?” त्याने हेडफोनवर टिचकी मारली.

“अहो, एक जण आहे तिथला. नाव विचारू नका, सांगता येत नाही. म्हणतो, घरी मावशीचा फोन आला तरी माझ्या तोंडून आधी ‘पत्ता सांगा’ निघतं!” मग ती गंभीर झाली. “आणि म्हणतो, गाडी निघाली की आमची गोष्ट तिथेच तुटते. माणूस वाचला की गेला, ते आम्हाला कधीच कळत नाही. चूक झाली तर मात्र लगेच कळवतात.”

त्या दिवसापासून फोनवाला जणू त्यांच्याकडे राहायलाच आला. भाजी निवडताना फोनवाला, कपडे वाळत घालताना फोनवाला. तो किती थकलाय, किती छान बोलतो, झोपेत दात कसे खातो. कवळीवाला ऐकायचा आणि जागेपणीच दातओठ खायचा.

“माझीही पाठ भरून येते हं दिवसभर वाकून,” एकदा तो म्हणाला.

“मलम कपाटात आहे,” ती लिहिता लिहिता म्हणाली.

“माझीपण घे ना मुलाखत.”

“नातेवाईक चालत नाहीत हो!” ती हसली.

तिने ते सहज म्हटलं, पण त्याला ते झोंबलं. म्हणजे परका असतो तर चाललो असतो! त्याने मनातल्या मनात फोनवाल्याला उंच केलं, रुंद खांदे दिले, घनगंभीर आवाज दिला आणि मग त्या माणसाला पाहून स्वतःच जळू लागला.

खरा फोनवाला एके दुपारी त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. किरकोळ अंगाचा माणूस, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली.

“डॉक्टरीणबाईंनी माप घेतलंय. पट्टी तुम्हीच बनवणार ना? मी रुग्णवाहिकेच्या फोनवर असतो. झोपेत दात झिजवून टाकलेत मी. संस्थेतल्या त्या बाई म्हणाल्या, इथेच जा.” आणि तो मनापासून म्हणाला, “फार ऐकून घेतात हो त्या. सख्खी बहीण ऐकणार नाही इतकं.”

कवळीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईंचा नवरा मीच, हे काही त्याने सांगितलं नाही.

फोनवाला गेल्यावर त्याचा प्लास्टरचा जबडा कवळीवाल्याच्या हातात आला. झोपताना दातांवर बसवायची पारदर्शक पट्टी त्याने नेहमीच्या सफाईने केली. शेवटी घासताना मात्र उजवीकडे केसभर उंचवटा तसाच ठेवला. बघणाऱ्याला दिसणार नाही, पण चावणाऱ्याला छळेल असा. होऊ दे जरा त्रास. मग सांग म्हणावं बाईंना, तुम्ही सुचवलेल्या माणसाला काम येत नाही!

आठवड्याने फोनवाला परत आला. कवळीवाला भांडणाच्या तयारीत बसला होता.

“माफ करा, तुमचा वेळ घेतो,” फोनवाला चाचरत म्हणाला. “ही लावायची कशी, ते मला जमत नाहीये बहुतेक. उजवीकडे दुखतं. तुमचं काम चोखच असणार, बाई म्हणाल्याच होत्या की तुमच्या हाताला तोड नाही. माझाच जबडा वाकडा असेल. सवय करून बघितली. पण परवा डोकं इतकं ठणकत होतं की एकीला पत्ता दोनदा विचारावा लागला. गाडी वेळेवर पोचली म्हणे. पण नसती पोचली तर?”

कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पट्टी घेतली, उंचवटा घासून काढला, परत बसवून पाहिली. पाणी पिऊन होईल एवढ्यात काम झालं.

“चूक माझी होती,” तो कसाबसा म्हणाला.

“तुमची?” फोनवाला त्याच्याकडे बघतच राहिला. “आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही हो.” आणि त्याचे डोळे भरून आले.

‘मुद्दाम केली’ हे दोन शब्द मात्र कवळीवाल्याच्या दाताआडच राहिले.

ते त्याने घरी बायकोसमोर बाहेर काढले. ती आधी पांढरीफटक पडली, मग भडकली.

“माझ्यावर राग होता तर मला बोलायचं! त्या माणसाच्या हातात लोकांचे जीव असतात. आणि तो आधीच सगळे दोष स्वतःवर घेऊन बसलाय, त्यात तुम्ही भर घातलीत. जा, त्याला सांगून या.”

तो गेला. कक्षाबाहेरच्या बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं, नवरा असल्याचंसुद्धा.

“तुम्ही माझ्यावर जळत होतात?” फोनवाला म्हणाला. “मी बाईंच्या घरच्या माणसांवर जळायचो. म्हणायचो, किती सुखात असतील!” मग तो उठून कामावर गेला. त्या दवाखान्यात तो पुन्हा कधी आला नाही.

बायकोचा अहवाल पुढे छापून आला. जड फोन झाला की माणसाला जागेवरून उठू द्या, पुढे काय झालं ते कळवा, आधी दोष शोधू नका, असं तिने लिहिलं होतं. कक्षाने त्यातलं बरंचसं मानलं आणि नोकरी सोडणारे कमी झाले. घरात मात्र कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोलत होती.

मग एका सुटीच्या सकाळी ती चहा घेऊन त्याच्याजवळ बसली. “बोला,” म्हणाली.

त्याने एका आजीबाईंचं सांगितलं. त्यांना नव्या कवळीतही तरुणपणीची फट हवी होती, कारण आजोबा त्या फटीवरच भाळले होते. बायको हसून हसून लोटपोट झाली.

“हे कधी सांगितलं नाहीत मला!”

“तू विचारलं नाहीस.”

“तुम्ही तोंड फुगवून बसायचात, विचारणार कधी?”

पुढचा अभ्यास अग्निशमन दलाच्या जवानांवर आहे, असं तिने सांगितलं तेव्हा त्याला परत हेवा वाटला. या वेळी त्याने तो तिला लगेच सांगून टाकला.