मुलुंड ते वर्सोवा, होडीच्या तेलपंपासाठी

दुसऱ्या शनिवारी लोक लोणावळ्याला जातात. मी साकीनाक्याला गेले, तेही दोनदा. असाच प्रवास कुणाला करायचा असेल (मुंबई आहे, कुणीतरी असेलच), तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझा पांडूमामा वर्सोवा कोळीवाड्यात राहतो. त्याची मासेमारीची होडी आहे. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढलेली असते आणि नारळी पौर्णिमेआधी इंजिनाचं तेल बदलायचं काम मामा स्वतः करतो. त्यासाठी इंजिनाखाली आडवं होऊन बूच उघडावं लागतं. यंदा त्याच्या पाठीने संप पुकारला. मेकॅनिकचं नाव काढायची सोय नाही, कारण आपल्या इंजिनाला दुसऱ्याचा हात लागता कामा नये, हा मामाचा नियम. ‘ज्या वर्षी माझं मला जमायचं नाही, त्या वर्षी होडी विकीन,’ असं तो नेहमी म्हणायचा. यंदा शनिवारी संध्याकाळी पाचला खरोखरच एक गिऱ्हाईक होडी बघायला येणार होतं.

तेल वरूनही काढता येतं, हे मला आदल्या रात्री इंटरनेटवर कळलं. तेल किती आहे ते बघायची पट्टी ज्या भोकातून आत जाते, त्यातून नळी सोडायची आणि पंपाने तेल ओढून घ्यायचं. मी बँकेत कारकून. पण शनिवारी सकाळी मुलुंडहून बस पकडली ती अशा थाटात, की जणू हयात गोदीत गेली आहे.

पहिला थांबा घाटकोपर. आधी डोसा खाल्ला, कारण रिकाम्या पोटी खरेदी करू नये. मग हार्डवेअरच्या दुकानात शिरून बोटीचं तेल काढायचा पंप मागितला.

‘बोट?’ दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला. ‘ताई, घाटकोपरला समुद्र कधी आला?’

त्याने पाण्याच्या टाकीचा पंप दाखवला, मग रॉकेलचा. शेवटी दया येऊन म्हणाला, ‘साकीनाक्याला जा. तिथे नाही मिळाला तर कुठेच नाही.’

घाटकोपरहून मेट्रोने साकीनाका काही मिनिटांवर. स्टेशनबाहेर मात्र रस्ता ओलांडायलाच तेवढा वेळ धरा. तिथे एका अरुंद दुकानात मला तीन पंप एकदम दिसले आणि माझी मती गुंग झाली. एक पितळी, हाताने ओढायचा, नऊशे रुपये. दुसरा बॅटरीवर चालणारा, सोळाशे. तिसरा म्हणजे झाकणावर दट्ट्या असलेला सहा लिटरचा डबा, अठ्ठावीसशे. वीस-पंचवीस वेळा दट्ट्या मारला की डब्यातली हवा निघून जाते आणि तेल आपोआप आत येतं. मामाला फोन लावला.

‘पितलेचाच घे,’ मामा म्हणाला. ‘पितल दगा देत नाय.’

‘अरे, पण तो इंजिनाजवळ वाकून सारखा ओढावा लागतो. पाठीचं काय?’

‘मंग बॅटरीवाला?’ स्वतःच विचारलं आणि स्वतःच निकाल दिला, ‘नको. खाऱ्या हवेत वायरी हिरव्या पडतात.’

म्हणजे डबाच. नळी किती लांब हवी, ते विचारलं. ‘भोकापासून तलापरयंत अडीच वीत, वर फलीवर डब्यापरयंत चार. साडेसहा वीत धर.’ मी काउंटरवर हात पसरून साडेसहा वीत मोजली, दुकानदाराने नळी कापली. पुन्हा मेट्रो. सामान तपासणारी बाई पडद्याकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, हे काय आहे?’ ‘मामाची पाठ,’ म्हणणार होते, पण ‘पंप’ म्हणून डबा उचलला.

वर्सोव्याला मामीने सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. या प्रवासात जेवण इथेच घ्या. मग होडीवर गेलो. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारी नळी मामाने पाण्याच्या ड्रममध्ये सोडली, दहा मिनिटं इंजिन चालवून तेल गरम केलं आणि बंद करून आपली नवी नळी भोकात घातली. नळी तळाला पोचेचना. चांगली वीतभर कमी! डबा खाली ठेवला असता तर पुरली असती, पण मग मामाला वाकावं लागलं असतं.

मामाने माझा पंजा धरून आपल्या पंजावर ठेवला. त्याची करंगळी माझ्या मधल्या बोटाएवढी होती.

‘या हातानं मोजलीस काय गो?’

वाट लागली! घड्याळात अडीच. मामा इंजिनाकडे बघत बसला, आणि तेच मला सहन झालं नाही. ‘मामा, एक दोरी दे,’ म्हटलं. त्याने जाळ्याची दोरी स्वतःच्या वितीने मोजून साडेसहावर गाठ मारली. ती घेऊन मी पुन्हा साकीनाक्याला. गाठ बघून दुकानदार एवढा हसला, की नव्या नळीचे पैसे घ्यायलाच विसरत होता.

सव्वाचारला इंजिन पुन्हा गरम झालं. मामा फळीवर ताठ बसला, डबा मांडीशी घेतला आणि दट्ट्या मारू लागला. नळीतून काळं तेल वर चढायला लागलं, तसा तो लहान मुलासारखा खदखदून हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते डिझेलच्या वासाने आलं, असं मी तेव्हा सांगितलं.

पाचला गिऱ्हाईक आलं तेव्हा मामा नवं तेल ओतत होता. ‘होडी विकायची नाय,’ तो मान वर न करता म्हणाला. ‘पंप पायजे तर सांग, माजी भाची आनून देईल.’

आता खर्च: मेट्रो, रिक्षा, डोसा धरून साधारण सव्वातीन हजार. वेळ: अख्खा शनिवार. पंप डब्याचाच घ्या, पश्चात्ताप होणार नाही.

माझ्यापुरतं मात्र एक सांगायचं राहिलं. नळी कमी पडली तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटलं होतं. मामा सत्तरीचा आहे. होडी विकली असती, तर वादळी वाऱ्याची बातमी लागली की मी मुलुंडला निवांत झोपले असते. आता नारळी पौर्णिमेनंतर तो पुन्हा समुद्रात जाईल आणि मी खिडकीशी उभी राहून वाऱ्याचा अंदाज घेईन. ती काळजी मी स्वतः निवडून, पैसे मोजून आणली आहे, आणि परत करायला जाणार नाही.