खळ्यातले कोरे बूट

४ डिसेंबर २००१, मंगळवार. शाळेत रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने पत्नीला घेऊन कापड्याहून महाडला गेलो. डॉक्टर केळुसकरांच्या दवाखान्यात आमचा नंबर नववा होता. दुपारी घरी परतलो. डॉक्टरांची आणि आमची ओळख ती अशी झाली.

पत्नी शेवंता हिला मधुमेह होता. पायांची आग होते, असं ती दोन वर्षं सांगत होती. पण तळव्यात काटा मोडला तर तिला पत्ता नसे. टोचलेलं कळत नाही आणि आग मात्र होते, हे मला पटेना. मी तिच्यासमोरच डॉक्टरांना म्हणालो, "हे तिच्या मनाचं आहे."

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्यावरून कापूस फिरवला. "काही लागतंय, वहिनी?"

"तुमी कायच करत नाय," ती म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, पायांच्या नसा बिघडल्यात. पण हे दुखणं पायांशी थांबत नाही. नसा बिघडल्या की मेंदूतही बदल होतात, असं आता तज्ज्ञांना दिसू लागलंय. पाय मुके झालेत, डोकं मात्र आग लागल्याचं सांगतंय. वहिनींची आग खरी आहे."

शेवंताने डोळे उघडले. "ऐकलंत ना? आता वहीत उतरून घ्या, पाच वेळा."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला मान वर करवेना.

गोळ्यांनी आग पुष्कळ निवली. अडचण पुढेच होती. अनवाणी चालायचं नाही, जखम चिघळली तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाताची झोडणी सुरू होती, आणि आमच्याकडे खळ्यात पायताण घालून कोणी उतरत नाही. "पाय गेला तरी चालंल, लक्षुमीला पायताण नाय लावायची," शेवंता म्हणाली.

डॉक्टर तिला रागावले नाहीत. पुढच्या रविवारी ते स्कूटरवरून आमच्या खळ्यावर आले. स्वतःचे बूट त्यांनी बाहेरच काढले. हातात कोऱ्या कापडी बुटांचा जोड होता. माझ्या आईला त्यांनी विचारलं, "आजी, रस्त्याला कधी न लागलेलं पायताण खळ्याला चालेल का?"

आईने बूट उलटेसुलटे करून पाहिले. "कोरा हाय ना? मग ती पायताण नाय रे, पायांची कुंची हाय." तिने बुटांना हळदकुंकू लावलं आणि शेवंता खळ्यात उतरली.

बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचं काम डॉक्टरांनी माझ्याकडे दिलं. "पाय सांगणार नाहीत, हाताला विचारा." पुढे तपासणीला गेलो की ते आधी तिला विचारायचे, "आग कशी आहे?" मग मला, "मास्तर, विश्वास आहे ना?"

गेल्या श्रावणात शेवंता हृदयविकाराने गेली. दोन्ही पाय शेवटपर्यंत धड होते. एकही झोडणी तिने चुकवली नाही, आणि दर वर्षी कोऱ्या जोडाला हळदकुंकू लावताना ती डॉक्टरांचं नाव घेऊन हसायची.

डॉक्टरांच्या एकसष्टीला मी एवढंच मागतो, की त्यांनी अजून पुष्कळ वर्षं चालावं आणि वाटेतला बारीकसा खडाही त्यांच्या पायांना कळत राहावा.

उद्या आमची झोडणी आहे. घरात मी एकटाच आहे. शेवंताचे बूट कोनाड्यातून काढून झटकले आणि आत हात फिरवून पाहिला.