सोजरबाईच्या चाळीतला दुसरा नळ

आकुर्डीत सोजरबाईच्या वाटेला कुणी जात नसे, कारण तिचं तोंड उघडायच्या आधी हात चालायचा. भाडं थकलं की नोटीस-बिटीस तिला ठाऊक नव्हती. पाना घेऊन ती छपरावर चढायची, त्या खोलीचे पत्रे मोकळे करायची आणि वरूनच ओरडायची, "आता झोपा चांदण्यात!" एका बहाद्दरानं तिची शिडी ओढली, तर तिनं वरून पत्रा सोडला. खांद्याला पडलेले टाके तो कंपनीभर दाखवत हिंडला. त्यानंतर बाकीच्यांचं भाडं वेळेवर येऊ लागलं.

हा राग ती माहेराहून घेऊन आली नव्हती. जमीन कारखान्यात गेली आणि नवरा, चिमाजी, भरपाईचे पैसे पिऊ लागला. प्यायला की तिला गुरासारखं मारायचा. त्याच्या हातून वाचवलेल्या पैशांत तिनं नऊ खोल्या उभ्या केल्या, एक स्वतःला, आठ भाड्याला. त्याही तो विकायला निघाला, ती आडवी आली, तेव्हा त्यानं तिचा गळाच धरला. धावून आली ती कस्तुरा, चाळीतली पहिली भाडेकरीण. तिनं चिमाजीच्या मनगटाला असा चावा घेतला की पकड सुटली. मग सोजरबाईनं मुसळ उचललं आणि नवऱ्याचा हात मोडला. तो गेला तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून कस्तुरा तिला आक्का म्हणायची, आणि कस्तुराशिवाय सोजरबाईला चहा गोड लागत नसे. जगात आपलं माणूस म्हणावं असं तिला तेवढंच होतं.

कस्तुराचा नवरा भिवा फाउंड्रीत होता. घर बौद्ध. चाळीला नळ एकच, पाणी सकाळी तासभर. रोज कळश्या आपटायच्या, झिंज्या उपटल्या जायच्या, आणि सोजरबाई मधे पडून दोन्हीकडच्यांना बदडायची.

चौऱ्याहत्तर साली सोपानराव टर्नर बाकीच्या सात घरांची वर्गणी घेऊन तिच्या दारात आला. "बाई, दुसरा नळ बसवा. समदा खर्च आमचा."

पाणीपट्टी, विजेचं बिल, गळकी छपरं, सगळं आजवर एकटीनं ओढणाऱ्या बाईला हे ऐकून हर्षच झाला. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "जुना नळ भिवाच्या घराला ऱ्हाऊ द्या. नव्यावर त्येंनी येऊ नये, येवढंच म्हणनं हाय."

एरवी काडीवरून भडकणारी ही बाई! तिचा हात चालायला हवा होता तो इथं. पण तो हात नेमका नोटांवर होता. ती म्हणाली, "बघते."

बघितलं ते काय, तर नवं कनेक्शन म्हणजे अनामत, खोदाई, नगरपालिकेचे हेलपाटे. तिनं प्लंबरला जुन्याच पाइपाला फाटा काढायला लावला आणि उरलेल्या पैशांत चार खोल्यांचे पत्रे बदलले. नवा नळ रस्त्याकडे, उताराला. सगळं पाणी तिथंच ओढलं जाऊ लागलं. वरच्या जुन्या नळाला नुसता वारा यायचा.

"आक्का, नळ कोरडा हाय," कस्तुरा सांगायची.

"येईल गं पाणी," सोजरबाई दुसरीकडे बघत म्हणायची.

आठवडाभर कस्तुरानं दम धरला. मग एका सकाळी ती कळशी घेऊन सरळ नव्या नळावर गेली. सोपानरावाच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, भरली कळशी तिच्या डोक्यात घातली. कपाळ फुटलं. ती चिखलात पडली तरी दोघीजणी लाथा घालतच होत्या. तेवढ्यात रात्रपाळी करून भिवा आला. त्यानं बायकांना बाजूला ढकललं, आणि पुरुषांना तेवढंच निमित्त हवं होतं. सोपानरावानं सायकलची चेन काढली. तिघांनी भिवाला भिंतीशी धरलं आणि सोपानराव मारत राहिला. चेन तोंडावर बसली तेव्हा त्याचा दात उडाला.

सोजरबाई पहार घेऊन आली. पहिला घाव सोपानरावाच्या गुडघ्यावर. गुडघा मोडला आणि तो किंचाळत खाली बसला. दुसरा एकाच्या बरगडीत. उरलेले पळाले. तिचा राग तरी निवेना. तिनं नव्या नळावर घाव घातले, तोटी उडाली, पाइप पिळवटला आणि पाणी गटाराकडे धावत सुटलं.

"भर गं कस्तुरे!" ती धापा टाकत म्हणाली. "कोन अडवतंय बघते!"

कस्तुरानं कपाळाचं रक्त पदरानं पुसलं. कळशी उचलली ती रिकामीच. दुपारपर्यंत बोचकी बांधून झाली, आणि सोजरबाई दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिला विनवणी कधी आलीच नव्हती.

"पाय भायेर टाकून दाखव! तंगडी मोडीन तुजी!" तिनं हात उगारला.

कस्तुरा हलली नाही, वाकली नाही. फुटलं कपाळ तिनं पुढं केलं.

"मार आक्का," ती म्हणाली. "समद्यांचं मारून झालं. तुझंच तेवढं ऱ्हायलंय."

सोजरबाईचा हात तसाच वर राहिला. भिवाला धरून कस्तुरा त्या हाताखालून बाहेर पडली.