बरोबर पुरुष माणूस कोण आलंय?

आत्ता या घटकेला तुमच्या घरात एखादा पुरुष माणूस आहे ना हो? असेल तर बरंच आहे. नसेल तर निदान पोरांना आजारी पडू देऊ नका!

लढाईच्या दिवसांत मी साताऱ्यात बायकामुलांच्या एका दवाखान्यात नर्स होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला दुखवायचं नाही. असले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नसतं. ड्रेसिंगच्या बादलीत बोळे साचावेत तसे ते साचत जातात, आणि मग एक दिवस बादली रिकामी करावीच लागते.

आमच्याकडे एक नियम होता. अडलेली बाळंतीण असो की पोराचं ऑपरेशन, कागदावर घरच्या पुरुषाची सही पाहिजे, नाहीतर अंगठा. आईचा चालायचा नाही. नऊ महिने पोटात वागवलेली बाई समोर उभी असायची, आणि आमचे कंपाउंडर बापूराव तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायचे, "बरोबर पुरुष माणूस कोण आलंय?"

कुठून येणार? गावंच्या गावं पलटणीत गेलेली. कुणाचा नवरा बर्मात, कुणाचा मिसरात. सरकारनं नेलेले पुरुष आम्ही त्यांच्या बायकांकडे मागत होतो!

* * *

खटावकडची एक बाई आली. मुलीचा हात मोडलेला. क्लोरोफॉर्म देऊन हाड बसवायचं, म्हणजे अंगठा हवाच. बापूरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

बाईनं काखेतलं गाठोडं सोडलं. आतून नवऱ्याचा फोटो निघाला. खाकी ड्रेस, डोक्याला फेटा, काचेची चौकट. तो तिनं टेबलावर उभा केला.

"ह्ये आमचं मालक."

"अगं बाई, फोटो चालत नाही."

"आवं, ल्हडाईला चालत्यात, आन् हितं चालत न्हाईत व्हय?"

बापूरावांनी फोटो हळूच आडवा केला.

* * *

त्या मुलीच्या कागदावर शेवटी अंगठा दिला तो तात्यानं. तात्या आमच्या फाटकाशी शेंगदाणे विकायचा. एक पाय अधू, म्हणून भरतीवाल्यांनी त्याला परत पाठवलेलं. बायका रडत बाहेर यायच्या त्या थेट त्याच्या टोपलीपुढं. तो टोपली झाकायचा आणि लंगडत आत यायचा. "मी हिचा भाऊ. कुटं अंगठा द्याचा?"

बरेच दिवस हे सुरळीत चाललं. मग एका सकाळी डॉक्टरसाहेब स्वतः टेबलाशी बसले होते, आणि तात्या तासाभरात तिसऱ्यांदा भाऊ झाला.

डॉक्टर म्हणाले, "काय रे, तुला एकूण बहिणी तरी किती?"

तात्या म्हणाला, "आजच्या कशा सांगू सायेब? गावाकडची मोटार आजून याची हाय!"

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवसापासून तात्याला आत यायची बंदी झाली, आणि नियम होता तिथंच राहिला.

* * *

नियम एकच असता तरी सोसलं असतं. औंधच्या बाजूची एक बाई तापलेलं बाळ घेऊन आली. तिकडे एक गाव संस्थानात तर शेजारचं इंग्रजांच्या मुलखात, म्हणजे खालसात. संस्थानातल्यांनी आपल्या दवाखान्यात जावं, असं आमच्या कमिटीचं म्हणणं.

बापूरावांनी विचारलं, "सासर कुठलं?"

"खालसातलं."

"माहेर?"

"संस्थानातलं."

"आणि बाळ कुठं झालं?"

"म्हायेरी."

बापूरावांनी पेन खाली ठेवलं. "मग बाळ संस्थानचं. इथं नाही घेता येणार."

बाई म्हणाली, "आवं, पर ताप खालसात चडलाय! म्हायेरास्नं निगताना न्हवता, तुमच्या मोटारीत चडला!"

बाळ मी उचललं आणि सरळ आत नेलं. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर रखडत येणाऱ्या मोटारीत अर्धा दिवस बसून आलेलं ते लेकरू. त्याला मुलूख विचारायचा?

* * *

एकदा आमच्याकडे बालकांचं प्रदर्शन भरलं. एका बड्या अधिकाऱ्यांच्या बाईसाहेब बक्षिसं द्यायला आल्या. पताका लावल्या, तागडी मांडली. ज्या बाळाचं वजन सगळ्यांत जास्त, त्याला दुधाच्या पावडरीचे डबे.

आता तुम्हीच सांगा, ते कुणाला जाणार? गावातल्या एका वकिलांचं बाळ पहिलं आलं. इतकं गुबगुबीत की हातापायांना वळ्या पडलेल्या. डबे त्याच्या गड्यानं उचलून नेले. ज्यांच्या पोरांच्या बरगड्या मोजता येत होत्या त्या आया मागं बसल्या होत्या. बाईसाहेबांनी त्यांना सांगितलं, मुलांना रोज दूध द्यावं, फळं द्यावीत, अंडं द्यावं. रेशनवर धड जोंधळा मिळत नव्हता तेव्हाची ही गोष्ट!

एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, भरल्या पोटाला डबं दिलं. मग रिकाम्या पोटाला काय देत्यात?"

बापूराव मागून म्हणाले, "दिलं की आत्ताच! भाषण!"

बापूराव माणूस वाईट नव्हते, एवढं या निमित्तानं सांगून ठेवते.

* * *

आणि मग कडेगावकडची ती बाई आली. वीस-बावीस वर्षांची. कडेवर दहा महिन्यांचा मुलगा, त्याच्या कानामागं लिंबाएवढं गळू. कातडी तांबडीलाल, अंगात सणसणून ताप. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "कापायला पाहिजे. पू आत उतरला तर मूल हाती लागणार नाही. बरोबर कोण आहे?"

"मीच हाय."

"नवरा?"

"बर्मात."

"दीर?"

"त्ये बी पलटणीत. सासरं वारलं. घरात आत्याबाई, म्हंजी सासूबाई, आन् दोन म्हसरं."

"गावच्या पाटलाला आण."

"पाटील आमचं भावबंद. बांदावरनं भांडाण हाय. त्यो अंगठा दील व्हय?"

डॉक्टर म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे. उद्या काही झालं तर तुझा नवरा येऊन मला विचारील."

ती व्हरांड्यात बसून राहिली. दुपारी बाळ रडायचं थांबलं. मला ते रडणं थांबलेलं आवडलं नाही. मी आत गेले आणि म्हटलं, "साहेब, मी सही करते."

"बाई, तुम्ही घरच्या आहात का? पुरुष आहात का?"

तेवढ्यात ती माझ्या मागून आत आली. कुणाकडं बघितलं नाही. टेबलावरचं शाईचं पॅड तिनं पुढं ओढलं, बाळाची मूठ उघडली, त्याचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. जोंधळ्याच्या दाण्याएवढा जांभळा ठिपका उमटला.

"घ्या. घरात एवडाच पुरुष हाय."

डॉक्टर त्या ठिपक्याकडं बघत राहिले. बापूरावांनी कागद आपल्याकडं ओढला, टाक उचलला आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "साहेब, पेशंटशी नातं काय लिहू?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"लिहा," ते म्हणाले, "स्वतः."

लगेच त्यांनी गळू कापलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन व्हरांड्यात यायच्या आत बाळ आईच्या अंगावर प्यालं.