लागेपर्यंत

पुन्हा एंगेज! माझा धाकटा मुलगा ज्या बोटीवर कामाला होता ती बुडाली होती. वाचलेल्यांची यादी कंपनी ईमेलनं पाठवणार होती आणि आखातात, दार्सैतला लेकीच्या घरी फोनवरून इंटरनेटचा नंबर लागत नव्हता. लेक सकाळपासून कॉम्प्युटरचं बटण दाबत होती. घाईत पासवर्डही चुकू लागला.

तेवढ्यात प्रिंटर दुरुस्त करणारा आला. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, खिशात स्क्रूड्रायव्हर. आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही दिसला नाही. काय झालंय ते ऐकलं आणि त्यानं प्रिंटरकडे बघितलंच नाही. लेकीला उठवून खुर्चीत बसला, दोन बोटांनी चार ओळी लिहिल्या आणि हात मांडीवर ठेवले. मशीन आपणच नंबर फिरवू लागलं. एंगेज लागला की पुन्हा फिरवायचं.

"असं किती वेळ करणार ते?" मी विचारलं.

"लागेपर्यंत. त्याला कंटाळा नाय, मावशी, न् भीती पण नाय. ती आपल्याला."

मी चौथी शिकलेली. सकाळी देवाला एकदा सांगून गप्प बसले होते. हे मशीन चाळीसदा विचारत होतं! दर खेपेला मी उठून उभी राहायची. तो डोळे मिटून, फोनला जोडलेल्या मोडेमच्या डब्याला कान लावून बसलेला. एकदम त्यानं बोट वर केलं. डबा किंचाळला, खरखरला, गप्प झाला.

"लागला! यल्ला, चला ताई, बसा!"

लेकीनं यादी मोठ्यानं वाचली. बोटीवरच्या एकवीस जणांपैकी नऊ वाचले. सातवं नाव माझ्या धाकट्याचं होतं.