बोलता येईल तेवढंच चालायचं

टीबीची शेवटची गोळी घेतली त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला आणि जाऊबाईंनी शिरा केला. डॉक्टरांनी ‘तुम्ही बऱ्या झालात’ असं स्वच्छ सांगितलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मी हसले. लग्नात फोटोवाला सांगतो तेव्हा हसतात, तेवढंच. शिरा गोड आहे हे जिभेला कळलं. बाकी कुठे काही हललं नाही.

आजारपणात माणूस रडतं, चिडतं, देवाला बोल लावतं असं ऐकून होते. माझं तसं काही झालं नाही. मागच्या खोलीत खाट टाकली होती, तिच्यावर मी पडून असायचे. ताट दारापाशी यायचं, ताट दारातून जायचं. पहिले काही दिवस मला सगळ्याचा राग आला असेल, आता आठवत नाही. नंतर राग यायलाही अंगात काहीतरी लागतं हे लक्षात आलं. मी छताचे पत्रे बघत राहायचे. बरी झाल्यावर खाट पुढच्या खोलीत आली, बघायचे पत्रे बदलले, एवढाच फरक पडला.

आमचं शेत मखमलाबादच्या पुढे. गुलाब, शेवंती, दसऱ्याला झेंडू. लग्न होऊन आले तेव्हापासून फुलं घेऊन पंचवटीतल्या फूलबाजारात मीच जायचे. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीपुढे माझी बसायची जागा होती. जागा म्हणजे काय, गोणपाट अंथरलं की मांडी घालण्यापुरती जमीन. पण तिथला कायदा फार कडक. जी बसते तिची जागा. चार दिवस कोणी दिसली नाही की शेजारीण आपली टोपली हळूच सरकवते, आणि पाचव्या दिवशी भांडायला गेलात तर तुम्हीच खोट्या. मी आजारी पडल्यावर बाजाराला धाकट्या जाऊबाई जाऊ लागल्या. त्यांनी जागा सांभाळली की घेतली, हे मी विचारलं नाही. घेतलीच असणार असं धरून चालले. बारावीपर्यंत शिकलेल्या मला दुसरं काम नव्हतं असं नाही, पण त्या गोणपाटावर बसलं की मी कोणाची सून, कोणाची बायको नसायचे. गिऱ्हाईक मला ‘गुलाबवाली’ म्हणायचं. ती जागा गेली असेल तर मी बरी होऊन करायचं काय, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला, पण दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

जागेवर परत बसायचं तर आधी टेम्पोपर्यंत पोचायला हवं. टेम्पो फाट्यावर थांबतो. घरापासून आधी विहीर, मग आंबा, मग पाट, आणि पाटावरून फाट्यापर्यंत चढ. पूर्वी डोक्यावर टोपली घेऊन तो चढ मी गप्पा मारत चढायचे. आता न्हाणीपर्यंत जाऊन आले तरी खाटेची कड धरून उभं राहावं लागत होतं. 

नाशिकच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिने मला खुर्चीवरून उठायला आणि बसायला शिकवलं. हे मला वयाच्या दुसऱ्या वर्षीच येत होतं, पण मी तोंड मिटून केलं. मग हात वर घेताना श्वास आत, खाली आणताना बाहेर, आणि तो बाहेर सोडायचा तो चहा निववतो तशी फुंकर घालून. ती म्हणाली, “आता रोज थोडं चाला. आज विहीर. विहीर सोपी वाटायला लागली की आंबा. घाई नाही.” मी मान डोलावली. घाई करायला मला कुठे जायचं होतं?

घरी आल्यावर संध्याकाळी पायात चप्पल घातली, तर सासूबाई दारात. “कुठं निघाली?”

“चालायला.”

“चालायला म्हणजे कुठं?”

“कुठं नाही. नुसतं चालायला.”

त्यांना हे पटेना. आमच्या शिवारात बाई नुसती चालत नाही. तिच्या हातात विळा असतो, हंडा असतो, नाही तर पोर असतं. रिकाम्या हाताने चालली तर ती रुसून माहेरी निघाली, किंवा तिचं डोकं फिरलं, किंवा ती विहिरीकडे निघाली. माझी तर पहिली पायरीच विहीर होती. सासूबाईंनी आतून दुधाची रिकामी किटली आणली आणि माझ्या हातात अडकवली. “ही असू दे. कोणी इचारलं तर दूध आणायला चालली म्हण.”

मला ते सोयीचंच वाटलं. कोणाला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं. विहिरीपर्यंत गेले, बसले, आले. असे काही दिवस नीट गेले. मग एके दिवशी आंब्यापाशी शेजारच्या मळ्यातली काकू भेटली. “काय गं, बरी झाली का? कुठं चालली?”

“दूध आणायला.”

“आमच्याकडंच घे की मग. आताच काढलंय.” तिने माझ्या हातातली किटली घेतली आणि गळ्यापर्यंत भरून दिली. वर मेथीची जुडी दिली. पुढे भावकीतल्या आणखी एकीने ‘जातीच आहेस तर’ म्हणून आमच्या आटलेल्या गायीसाठी घासाची पेंढी काखेत दिली. एवढं प्रेमाने देतात लोक, नाही म्हणायचं तर आधी खोटं बोलले हे सांगावं लागेल. मी किटली या हातातून त्या हातात करत घरी आले. ओट्यावर पोचले तेव्हा डोळ्यापुढे काळं होतं. रात्री अंगात ताप, छातीत कळ, आणि पंधरा दिवस पुन्हा खाट. दूध मात्र चांगलं होतं, सासूबाईंनी खरवड काढून खाल्ली.

या वेळी आमचे हे माझ्याबरोबर दवाखान्यात आले. छातीचा फोटो पुन्हा काढला, जुना आजार उलटला नव्हता, नुसती ताकदीबाहेरची ओढाताण झाली होती. व्यायामवाली मुलगी मात्र भडकली. “वजन उचलायला कोणी सांगितलं तुम्हाला?” किटलीची गोष्ट सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “आता एकच नियम. चालताना एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं, बसायचं, फुंकर घालायची. बोलता येईल तेवढंच चालायचं. आणि एकट्याने नाही.” तिने ह्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही जात जा बरोबर. बोलत जा दोघं.”

हे भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी भर दवाखान्यात लेझीम खेळायला सांगितलं. आमचं लग्न होऊन पोरं कॉलेजात गेली, पण आम्ही दोघं बोलत बोलत चाललोय असं कधी झालं नव्हतं. आमच्या घरात पुरुष पुढे चालतो आणि बाई मागे. लग्नाला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, मी ह्यांची पाठच बघत आले. सदऱ्याचा कुठला टाका उसवलाय हे मला त्यांच्याआधी कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. किटली नाही. हे पुढे, मी मागे.

“बोल,” ते पुढून म्हणाले.

“काय बोलू?”

“काय पण.”

मी समोर दिसेल ते बोलत गेले. विहिरीला पाणी बरं आहे. आंब्याला मोहर कमी दिसतो. गुलाबाच्या तिसऱ्या ओळीत तण माजलंय. ह्यांच्या पाठीला सांगत होते, आणि पाठ हूं म्हणत होती. आवाज माझा होता, पण मी त्याच्यात नव्हते. आंबा मागे पडला. पाटाच्या बांधावर शेवंतीच्या रोपांबद्दल काहीतरी सांगत असताना वाक्य अर्ध्यात तुटलं. नियमाप्रमाणे मी थांबले आणि बांधावरच्या दगडावर बसले. हे चालतच राहिले. माझं सांगून झालं असं त्यांना वाटलं. बायको गप्प झाली म्हणजे विषय संपला, हा त्यांचा आजवरचा अनुभव, त्यात त्यांचं काय चुकलं? चढाच्या पायथ्याशी त्यांनी मागे वळून बघितलं आणि तिथून धावत आले. 

“हाक मारायची ना!”

मी बराच वेळ फुंकर घातली. मग म्हटलं, “हाक मारायला दमच लागतो.”

धावताना त्यांची एक चप्पल मागेच राहिली होती. मी ते बघितलं. पाटात पाणी कमी आहे, हेही बघितलं. दोन्ही सारखंच वाटलं.

पुढच्या सकाळी ते उंबऱ्यापाशी बाजूला उभे राहिले. “तू हो पुढं.”

“लोक बघतील.”

“बघू दे.”

लोकांनी बघितलंच. विहिरीवर मोटर चालू करायला आलेला एक जण ओरडला, “काय दादा, कसारा घाट लागला का? इंजिन मागं लावलं आज!” घाट चढायला रेल्वेला मागून इंजिन जोडतात, ते. बाकीचे हसले. हे माझ्या मागेच राहिले. मी पुढे चालत होते, समोर कोणाची पाठ नव्हती, नुसता रस्ता होता. इतक्या वर्षांत आंबा मी असा पुरा कधी बघितला नव्हता.

रोज रोज विहीर आणि तण किती सांगणार? बोलायचं संपलं. पण बोलायला तर हवं, नाहीतर थांबा आणि बसा. मग जे कधी बोलले नव्हते तेच बाहेर यायला लागलं, आणि गंमत अशी की मला बोलताना ना राग आला ना रडू. वाण्याकडची यादी सांगावी तसं मी सांगत गेले. मला नर्सिंगला जायचं होतं. तुमच्या बहिणीच्या लग्नात माझं डोरलं मोडलं, ते पुन्हा झालं नाही. मी खाटेवर होते तेव्हा तुम्ही एकदाही खोलीत आला नाहीत, दारातूनच ‘गोळी घेतली का?’ विचारायचात.

मागची पावलं चालत होती. पाट आला. मग ते म्हणाले, “भ्या वाटायचं.”

“लागण होईल म्हणून?”

“नाय गं. आत येऊन बघावं आन् तू...” त्यांचंच वाक्य तुटलं. मग म्हणाले, “बाहेर खाटेवर पडून खोकला ऐकायचो. खोकली की बरं वाटायचं. लय वेळ खोकला नाय आला की उठून दाराशी यायचो. मग काय इचारणार? गोळी घेतली का, एवढंच सुचायचं.”

मी ऐकलं. ही गोष्ट ऐकून आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं मला वाटलं. झालं नाही. मी पुढच्या वाक्याकडे वळले आणि आम्ही चालत राहिलो. 

असं करत चढ अर्धा झाला, मग पाऊण. वाक्य तुटलं की बसायचं, जुळलं की उठायचं. मध्ये दोनदा सर्दी झाली तेव्हा पुन्हा आंब्यापासून सुरुवात केली. मी कुरकुर केली नाही, तशी कुरकुर करण्याइतकी आशाही नव्हती. फाटा आला तरी तिथे टेम्पो असेल, टेम्पोत जाऊबाई असतील आणि त्यांच्या बुडाखाली माझी जागा असेल, हे मला ठाऊक होतं.

ज्या दिवशी फाट्यावर पोचले त्या दिवशी टेम्पो खरंच उभा होता. मागे गुलाब भरलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या रचलेल्या, त्यांच्या मधे पदर खोचून जाऊबाई बसलेल्या. मला बघून त्या अर्ध्या उठल्या. 

“ताई! आल्या का इथपर्यंत? बाई बाई! मी रोज म्हणते, आज दिसतील, उद्या दिसतील.” आणि मग भाजी आणायला सांगावं इतक्या सहज म्हणाल्या, “तुमचं गोणपाट तिथंच घडी घालून ठेवते हं. त्याच्यावर कोणाला बसू नाय देत. मी आपली बाजूला पायरीवर टेकते. लय बोचती मेली पायरी, लवकर या.”

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मला काहीतरी म्हणायचं होतं. पायरी बोचते हे मला ठाऊक होतं, तिची कड फुटलेली आहे. इतके महिने ती बाई त्या फुटक्या कडेवर बसली होती आणि पुढ्यात माझं रिकामं गोणपाट राखत होती. मी तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही.

मागून लगेच, “काय झालं? बोल.”

मी टेम्पोची फळी धरली.

“बोल ना! एखादं वाक्य बोल!” ह्यांनी पुढे येऊन भर फाट्यावर माझा दंड धरला. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. “बस. खाली बस. फुंकर मार, फुंकर मार!”

मी मान हलवली. छाती ठीक होती, पाय ठीक होते. गळ्यात काहीतरी वर वर येत होतं आणि त्याला मी इतकी अनोळखी झाले होते की आधी मलाही तो दमच वाटला.

“दम नाही लागला,” मी कसंबसं म्हटलं. “रडू येतंय.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. दंड सोडला नाही.

“मग रड,” ते म्हणाले. “पण बोलत राहा.”