डाव्या व्हॉल्व्हचा आवाज

ट्रेलर बांधणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. ट्रेलर रंगवून, वायरी जोडून तयार झाला की त्याचे ब्रेक तपासायचं काम मावशीचं.

भरलेल्या ट्रेलरला जोरात ब्रेक लावला आणि चाकं जाम झाली, की ती फिरायची थांबतात आणि नुसती घसरतात. घसरणारं चाक कुणाचं ऐकत नाही. ट्रेलरचं शेपूट वाटेल तिकडे जातं. ते होऊ नये म्हणून चाकाशी एक दातेरी कडं असतं आणि त्याचे दात मोजणारा सेन्सर. चाक जाम होतंय असं दिसलं की खालची इलेक्ट्रॉनिक पेटी त्या बाजूच्या व्हॉल्व्हला हुकूम देते. व्हॉल्व्ह ब्रेकमधली हवा सोडतो, भरतो, परत सोडतो. माणसाच्या पायाला जमणार नाही इतक्या भराभर.

चालकाने ब्रेकवर पाय ठेवून किल्ली फिरवली की पेटी एकेक व्हॉल्व्ह उघडून बघते. आधी उजवीकडून फुस्स, मग डावीकडून. मावशी ट्रेलरच्या मागे मधोमध उभी राहून ऐकायची. दोन बाजूंच्या वायरी उलटसुलट लागल्या तर पेटीला पत्ता लागत नाही, तिचा बिघाड दाखवणारा दिवा सगळं ठीक असल्यासारखा विझतो. कळतं ते तिथे उभ्या असलेल्या माणसालाच.

घरी ती आणि तिची थोरली बहीण. दोघींनीही लग्न केलं नव्हतं आणि तो विषय संपला, असं मावशी धरून चालली होती. मग पन्नाशी उलटल्यावर ताईने एका विधुर घड्याळवाल्याशी लग्न केलं आणि दुसऱ्या गावी गेली. मावशीने हसतमुखाने सामान बांधून दिलं. भावजी भले माणूस होते. त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

घर गप्प झालं. ताई भाजी निवडताना बोलायची, केस विंचरताना बोलायची, झोपेतसुद्धा बोलायची. आता मावशी ओट्याशी उभ्याउभ्याच जेवून घेई. रविवारी ताईचा फोन येई, आणि फोन उजव्या कानाला लावायची मावशीची सवय होती.

त्या हिवाळ्यात तिला सर्दी झाली आणि जाताना डावा कान घेऊन गेली. घरात दुसरं माणूस असतं तर पहिल्या दिवशीच ध्यानात आलं असतं. कारखान्यात डावीकडून कुणी काही विचारलं तर ती उत्तर देईना. लोकांना वाटलं, मावशी कानाडोळा करतात, हल्ली शिष्ट झाल्यात. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. का, ते तिला उमगेना.

एका सुट्टीच्या दुपारी ती उजव्या कुशीवर वळली आणि नळाची टपटप थांबली. कूस बदलली, टपटप सुरू. तेव्हा तिला कळलं. होईल बरं, म्हणून ती गप्प बसली. बोलून काम गेलं असतं तर दिवसभर करायचं काय? आता दोन्ही फुस्स तिला उजवीकडूनच यायच्या. ती दोन मोजायची आणि ट्रेलर पास करायची.

मग एका ट्रेलरची आवारातल्या ओल्या पट्टीवर चाचणी झाली. डावी चाकं पाण्यावर जाम झाली, पेटीने हवा सोडायला सांगितली आणि सुटली ती उजवीकडची. ब्रेक असून नसल्यासारखा. ट्रेलरने केबिनला मागून रेटलं आणि दोन्ही वाकडे होऊन रिकाम्या पिंपांत घुसले. चालकाला खरचटलंही नाही, पण खाली उतरून तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला.

फोरमनने वायरी तपासल्या आणि जोडणाऱ्याला सगळ्यांदेखत झाडायला सुरुवात केली. मावशी पुढे झाली.

"वायरी त्याच्या हातून उलट्या लागल्या, पण पास मी केलं," ती म्हणाली. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

मावशीने पास केलेल्या ट्रेलरांची वही त्याच्यापुढे ठेवली.

तिने पास केलेले ट्रेलर पुन्हा तपासले गेले. आणखी एक तसाच निघाला, गिऱ्हाइकाच्या आवारात, अजून माल न भरलेला. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तर काही करता आलं असतं.

फोरमनने तिला स्टोअरमध्ये बसायला सांगितलं. तिने एकच विनंती केली: व्हॉल्व्हवर हात ठेवून बघू द्या. कधी सरळ, कधी मुद्दाम उलट्या वायरी लावून त्याने तिला अनेकदा पारखलं. ती खाली सरपटत गेली, एकेका व्हॉल्व्हवर तळवा ठेवला आणि दर वेळी बरोबर सांगितलं. काम तिच्याकडे राहिलं. आता वेळ दुप्पट लागे, कपडे रोज मळत. शेजारची जागा मात्र बहुतेक रिकामीच राहिली. सवय मोडली की मोडते.

ताईला तिने पत्ता लागू दिला नव्हता. पुढे ताई भेटायला आली तेव्हा दोन हाकांतच तिने ओळखलं आणि रडकुंडीला आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"रविवारी फोनवर सगळं ठीकच असतं, ताई."

ताई उठून तिच्या उजवीकडे येऊन बसली आणि वाटाणे सोलायला घेतले. मग बोलत सुटली ते दोन दिवस.

भावजी न्यायला आले. मावशी बसपर्यंत पोहोचवायला गेली. गाडी हलल्यावर ताई खिडकीतून काहीतरी सांगत होती, पण इंजिनाच्या घरघरीत काही कळेना. मावशीने मान डोलावून हो म्हटलं. घरी येऊन तिने दिवा लावला आणि उरलेले वाटाणे एकटीपुरते शिजायला टाकले.